विसोबाशेटच्या वीस खाटा

कोळघाटाच्या पायथ्याशी आंबेपेठ नावाचे एक गाव होते. तिथे विसोबाशेट नावाचा एक व्यापारी राहत असे. शेट वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. पुढची गोष्ट ऐकताना ते विसरायला होते.

त्या काळी कोकणातले मीठ घाटावर आणि घाटावरचे धान्य कोकणात बैलांच्या पाठीवरून जाई. वंजाऱ्यांचे तांडे ही ने-आण करत. वाट अवघड होती. कुणाचा पाय घसरे, कुणाच्या पायावर बैलाचा खूर पडे, कुणाला शिंग लागे. जखमी माणसे आंबेपेठेत देवळाच्या ओसरीवर विव्हळत पडून राहत. शेटला ते बघवेना. त्याने गावाबाहेर एक दवाखाना बांधला. लांबट कौलारू इमारत, वीस खाटा, मागच्या बाजूला विहीर. परगावाहून दाजीशास्त्री नावाचे वैद्य आणले. जखमा धुवायला आणि पट्ट्या बांधायला गावातली चिमाक्का नावाची बाई ठेवली. मोबदल्याची रीत सोपी होती. माणूस जितके दिवस खाटेवर राहील, तितक्या दिवसांचे पैसे त्याच्या तांड्याच्या नाईकाने भरायचे.

दवाखाना चालू लागला. जखमी माणूस महिना महिना पडून राही. जखम म्हटली की चिघळायचीच, असे सगळेच समजून होते. वीसच्या वीस खाटा भरलेल्या असत. शेटला पुण्यही मिळत होते आणि चार पैसेही मिळत होते. तो समाधानी होता.

दाजीशास्त्री मात्र समाधानी नव्हते. तेच औषध, तीच जखम, तरी एक माणूस आठवड्यात उठतो आणि दुसरा दीड महिना लोळतो, हे त्यांना कळत नव्हते. एक दिवस चिमाक्का त्यांना म्हणाली, “शास्त्रीबुवा, एक बोलू? दाराजवळच्या खाटांवरची माणसं लवकर उठतात.”

“ते का?”

“मी तिथून धुवायला लागते ना. तेव्हा फडकं कोरं असतं, पाणी ताजं असतं. शेवटच्या खाटेपाशी पोचते तेव्हा तेच फडकं आणि तेच पाणी.”

शास्त्रींनी उठून ते फडके आपल्या हाताने चुलीत टाकले.

त्या दिवसापासून दवाखान्याची रीत बदलली. ज्याचे त्याचे फडके वेगळे. प्रत्येक फडके उकळून, उन्हात वाळवून मगच जखमेला लावायचे. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना कडुनिंबाच्या पाण्याने हात धुवायचे. एवढे काम चिमाक्काला एकटीला झेपेना, म्हणून आणखी दोन बायका ठेवल्या. सरपण तिप्पट लागू लागले. शेटने कुरकुर न करता खर्च दिला.

चार महिन्यांत चमत्कार झाला. महिनाभर पडून राहणारी माणसे दहा दिवसांत उठून चालू लागली. शास्त्रीबुवांच्या पाया पडून ती बैलांमागे निघून जात. संक्रांतीच्या सुमाराला शेट दवाखान्यात आला, तेव्हा वीसपैकी तेरा खाटा रिकाम्या होत्या.

शेट त्या खाटांकडे पाहतच राहिला. “शास्त्रीबुवा, माणसं कुठं गेली?”

“बरी होऊन घरी गेली,” शास्त्री हसून म्हणाले.

शेट हसला नाही. “सरपण वाढलं, कापड वाढलं, दोन बायकांचा पगार वाढला. आणि खाटा रिकाम्या. हे किती दिवस चालायचं?”

“थोडं थांबा, शेट. बरा झालेला माणूस गप्प बसत नाही. तो वाटेत बोलतो. वर्षभरात दुसऱ्या घाटांवरचे तांडे इकडे वळतील. तेव्हा खाटा भरतील, आणि तरीही कुणी दहा दिवसांवर राहणार नाही.”

“आणि नाही वळले तर?”

शास्त्री खरे बोलणारे होते. ते म्हणाले, “ते माझ्या हातात नाही.”

“सरपण माझ्या हातात आहे,” शेट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बायकांना घरी पाठवले गेले. कापडाचे गठ्ठे येणे थांबले. फडकी रोज उकळायची ती आठवड्यातून एकदा उकळू लागली. शास्त्रींनी महिनाभर समजावून पाहिले. मग त्यांनी आपली औषधांची पेटी डोक्यावर घेतली. जाताना ते चिमाक्काला म्हणाले, “तूही चल.”

“आठ माणसं पडलीत इथं,” ती म्हणाली. “त्यांना टाकून कुठं येऊ?”

शास्त्री एकटेच गेले.

शेटने नवा वैद्य ठेवला. तो शेटला काही विचारत नसे आणि काही सुचवत नसे. खाटा पुन्हा भरू लागल्या. आधी बारा, मग सोळा, मग वीस. शेटला वाटले, आपण वेळेवर सावरलो. घरी जेवताना तो बायकोला म्हणालाही, “शास्त्रीबुवा चांगले, पण व्यवहार त्यांना कळत नाही.”

त्याच उन्हाळ्यात भोजा नाईकाचा तांडा घाट उतरला. भोजा नाईक आंबेपेठेच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा नाईक. त्याचा धाकटा भाऊ थावरा तांड्याच्या पुढच्या बैलाबरोबर चाले. घाटात त्या बैलाचे शिंग थावराच्या दंडाला ओझरते लागले. जखम बोटभर लांब, फार खोलही नव्हती. नाईकाने त्याला दवाखान्यात ठेवले आणि तांडा मीठ आणायला पुढे नेला.

शेट फेरी मारायला आला, तेव्हा थावरा खाटेवर बसून गाणे म्हणत होता. “शेट, चार दिवसांत उठतो,” तो म्हणाला. “माझा आवाज ऐकल्याबिगर पुढचा बैल पाऊल टाकत नाही. दादाला लई त्रास होत असेल.” शेटला तो आवडला. घरी जाऊन त्याने थावरासाठी खोबऱ्याची वाटी पाठवली.

बाराव्या दिवशी चिमाक्का शेटच्या घरी आली. कधी नव्हे ती ओटीपर्यंत आली. घरात शेटच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते.

“शेट, थावराच्या दंडाला वास येतोय,” ती म्हणाली. “मला दोन भारे सरपण द्या आणि कोऱ्या कापडाचा एक गठ्ठा. आणि एक बाई द्या हाताखाली. आजच द्या.”

शेटने नाही म्हटले नाही. तो म्हणाला, “पाहुणे बसलेत, चिमाक्का. चार दिवसांनी बाजार आहे. तेव्हा एकदमच सगळं आणू.”

चिमाक्का पदर सावरून निघून गेली. तिने घरचे जुने लुगडे फाडले, शेजारणीकडून गोवऱ्या मागितल्या, जमेल तेवढे केले. पण एकटी बाई, वीस खाटा. थावराच्या दंडातले विष खांद्यावर चढले. त्याचे गाणे थांबले, मग बोलणे थांबले. बाजाराच्या दिवशी सरपणाची गाडी दवाखान्याच्या दारात आली. थावरा आदल्या दिवशी दुपारीच गेला होता.

चार दिवसांनी भोजा नाईक परत आला. चिमाक्काने त्याला सगळे सांगितले, काही लपवले नाही. तो शेटच्या दुकानात गेला आणि पैशांची थैली पुढे ठेवली.

“पंधरा दिवसांचे आहेत. मोजून घ्या.”

“नाईक, लाजवू नका,” शेट म्हणाला. “एक पैसा नको मला.”

“घ्या. फुकट घेतलं तर मला तोंड उघडता यायचं नाही.”

“मग बोला ना, नाईक. शिव्या द्या. मी ऐकून घेईन.”

“तुम्हाला काय बोलू?” नाईक म्हणाला. “वाटेत बोलेन. दर मुक्कामाला बोलेन.”

तो बोलला. पावसाळा सरला आणि घाट पुन्हा सुरू झाला, तेव्हा आंबेपेठेच्या वाटेवर निम्मेच तांडे उतरले. पुढच्या वर्षी त्याच्या निम्मे. बाकीचे दोन दिवसांचा वळसा घालून नांदखेडच्या घाटाने जाऊ लागले, कारण नांदखेडला दाजीशास्त्रींनी छोटा दवाखाना काढला होता. तांडे गेले तसे आंबेपेठेतले नालबंद गेले, दाणेवाले गेले, दोर वळणारे गेले. ज्यांना जाता आले नाही, ते शेटच्या दारावरून जाताना मान वळवू लागले. दवाखान्यात आता तीन-चार खाटाच भरत, आणि त्यांवर दुसरीकडे जायची ताकद नसलेलीच माणसे असत. नवा वैद्यही पगार थकल्यावर न सांगता निघून गेला.

अखेर शेट नांदखेडला गेला. शास्त्रींकडे बाराच खाटा होत्या. त्यातल्या चार रिकाम्या होत्या, त्यांवर धुतलेली पासोडी अंथरली होती. मागे तीन चुलींवर पाणी उकळत होते. पाच बायका कामाला होत्या. ओसरीवर तीन तांड्यांचे नाईक आपापल्या माणसांना न्यायला आले होते, आणि दोघे नवे जखमी आत नेले जात होते.

“एवढ्या बायका, एवढं सरपण,” शेट म्हणाला. “परवडतं कसं?”

“मी दिवसावर पैसे घेत नाही,” शास्त्री म्हणाले. “माणूस आला की अर्धे घेतो, तो स्वतःच्या पायांनी बाहेर पडला की अर्धे. तो लवकर उठला तर त्याचंही भलं आणि माझंही. तुमच्या एका खाटेवर महिन्यात एक माणूस असायचा. माझ्या एका खाटेवरून तीन उठून जातात.”

“आणि पहिलं वर्ष?”

“पहिलं वर्ष कठीण गेलं. घरातलं सोनं विकलं. एक वेळ जेवलो.” शास्त्रींनी शेटकडे पाहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. “तुमच्याकडे इमारत होती, विहीर होती, वीस खाटा होत्या, चिमाक्का होती. फक्त एक वर्ष थांबायचं होतं, शेट.”

शेटने मान खाली घातली. शास्त्रीच पुढे म्हणाले, “मीही चुकलो. मी रागाने निघून आलो. थावराच्या वेळी मी तिथं असतो तर बरं झालं असतं. रोज वाटतं.”

शेटने हात जोडले. “परत चला. म्हणाल तसं करतो.”

“इथली माणसं टाकून आता कसा येऊ?” शास्त्री म्हणाले. “चिमाक्का आहे ना तुमच्याकडे. ती सांगेल तसं करा. मला जे कळलं, ते तिनेच सांगितलं होतं.”

शेट परतला. त्याने दुकानाची एक बाजू विकली. दहा भारे सरपण, कापडाचे गठ्ठे, कामाला दोन बायका, सगळे घेऊन तो दवाखान्याच्या दारात उभा राहिला. चिमाक्का बाहेर आली. तिने गाडीकडे पाहिले.

“दहा भारे आणलेत,” ती म्हणाली. “तेव्हा दोन पुरले असते, शेट.”

मग ती गाडी उतरवू लागली. शेटही उतरवू लागला.

दवाखाना पुन्हा चांगला झाला. चिमाक्काने रीत बसवली, शेटने शास्त्रींप्रमाणे पैसे घ्यायचे ठरवले. नांदखेडहून शास्त्री महिन्यातून दोनदा येऊन जात. माणसे दहा दिवसांत बरी होऊ लागली. तीन वर्षांनी खर्च वजा जाता थोडे उरूही लागले. पण ते सहा खाटांचे उरणे होते. चौदा खाटा माळ्यावर चढवल्या होत्या. मोडलेली वाट परत वाहती झाली नाही. भोजा नाईक पुन्हा कधी आंबेपेठेला आला नाही.

एका हिवाळ्यात एक वंजारी बाई नवऱ्याला बैलावर घालून घेऊन आली. त्याचे पाऊल बैलाच्या खुराखाली सापडून फाटले होते. अकराव्या दिवशी तो काठी टेकत अंगणात चालला. बाईने डोळे पुसले आणि राहिलेले अर्धे पैसे शेटच्या हातावर ठेवले.

शेट म्हणाला, “बाई, तुझ्या तांड्यातल्या लोकांना सांग. इथं आता चांगलं होतं.”

ती बाई साधी होती. तिला लपवाछपवी जमत नव्हती. “सांगते, शेट,” ती म्हणाली. “पण खरं सांगू? आम्हाला इथं यायचंच नव्हतं. नांदखेड दोन दिवस लांब होतं आणि ह्याचं रक्त थांबत नव्हतं, म्हणून आणला. निघताना सासूबाई म्हणाल्या, आंबेपेठेला नेतेस तर त्याचं तोंड शेवटचं बघून घे.”

शेटने मान हलवली. ती दोघे फाटकातून बाहेर पडून दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा होता. मग आत जाऊन त्याने त्या माणसाच्या खाटेवरची पासोडी काढली आणि चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाकली.

तात्पर्य: रुग्णाला चांगले आणि लवकर बरे करण्यावर केलेला खर्च दवाखान्याला उशिरा का होईना, परत मिळतो; पण तो खर्च वाचवण्यात गेलेला जीव आणि उडालेला विश्वास कितीही खर्च केला तरी परत मिळत नाही.