डाव्या स्पीकरमधला आवाज

"…मग हा आवाज येतो कुठून, चाचा?"

मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दस्तगीर मुजावर यांचं दुकान होतं. तिथे जुने अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, स्पीकर दुरुस्त होत आणि विकलेही जात. विचारणारे होते डॉक्टर विश्राम हसबनीस. कान-नाक-घशाचे डॉक्टर. रुग्ण फोनवर बोलला तरी त्याच्या घशात काय बिघडलंय ते ओळखतो, असं ते चारचौघांत सांगत, आणि ते बरेचदा खरंही ठरे.

चाचांची रीत ठरलेली होती. गिऱ्हाईकाने माल आधी घरी न्यायचा, आठ दिवस लावून ऐकायचा, मग ठेवायचा की परत करायचा ते बोलायचं. डॉक्टरांनी अशीच एक भारी स्पीकरची जोडी घरी नेली होती. जुनी, विलायती, सागवानी पेट्यांची.

आठ दिवसांत ते दोनदा तक्रार घेऊन आले. दुसऱ्या खेपेला तर डावा स्पीकर गाडीत घालूनच आणला.

"डाव्यात काहीतरी घुमतं," डॉक्टर म्हणाले. "अगदी बारीक. दुसऱ्या कुणाला कळणारसुद्धा नाही. मला कळलं."

चाचांनी स्पीकर जोडला. पेटीच्या पाठीवर तळवा टेकला आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"इथं तर नाही येत."

"घरी येतो. रोज येतो."

"कुठलंही लावलं तरी?"

डॉक्टर जरा अडखळले. "नाही… एका भीमपलासाच्या रेकॉर्डलाच. तेही विलंबित चालू असताना."

चाचांनी तळवा काढला.

"स्पीकरला राग कळतो?"

"तेच तर विचारतोय तुम्हाला."

"पन्नास वर्षांत राग निवडणारा बिघाड पाहिला नाही मी." चाचांनी चष्मा खिशात घातला. "चला. ऐकायला येतो."

रविवारची दुपार होती. डॉक्टरांनी स्पीकर जागेवर ठेवला, तारा जोडल्या आणि चाचांना नेमकं कुठे बसायचं ते दाखवलं. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, भिंतीकडे तोंड करून. ही जागा शोधायला त्यांना दोन दिवस लागले होते.

"भिंतीपलीकडे काय आहे?" चाचांनी विचारलं.

"आप्पांची खोली. माझे वडील. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. त्यांना त्रास नको म्हणून दार लावून घेतो… हं, आता ऐका."

रेकॉर्ड फिरू लागली. तंबोरे लागले. गायकाने पहिला स्वर लावला आणि त्यावर नुसता थांबून राहिला.

डॉक्टर पुढे वाकले होते. नजर डाव्या पेटीवर.

"हा! हा बघा. आला ना?"

चाचांनी डोळे मिटले होते.

"पेटीचा सांधा सुटला असेल," डॉक्टर कुजबुजले. "की आतला कागदी पडदा फाटलाय?"

चाचा उठले. ते डाव्या स्पीकरपाशी जातील असं डॉक्टरांना वाटलं. ते प्लेअरपाशी गेले आणि दोन बोटांनी सुई उचलली.

गाणं थांबलं.

आवाज थांबला नाही.

बारीक, खरखरीत, मिटल्या ओठांतून येणारा. गायकाने अर्ध्यावर सोडलेली जागा तो चाचपडत पुढे नेत होता. एकदा घसरला. परत मागे आला. मग हळूहळू षड्जावर येऊन टेकला…

डॉक्टर उभे राहिले. झटक्यात शब्द जातात, पण कधीकधी सूर राहतो, हे त्यांनी किती रुग्णांच्या घरच्यांना समजावून सांगितलं होतं.

त्यांनी दार उघडलं.

डाव्या स्पीकरमागच्या भिंतीला लागूनच पलंग होता, आप्पा भिंतीकडे बघत पडले होते. उजवा हात निपचित. डाव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती. ओठ मिटलेले.

मुलगा दिसला तशी बोटं थांबली. गळाही थांबला. आप्पांनी नजर वळवली, जणू चोरी पकडली गेली होती.

"आप्पा…"

दोन वर्षांत त्यांनी या खोलीत औषधांच्या वेळा सांगितल्या होत्या, पाय दुमडून बघितले होते, जीभ बाहेर काढायला लावली होती. याखेरीज काय बोललो, ते आठवेना.

दार उघडंच ठेवून ते बाहेर आले. चाचा उभेच होते, सुई अजून दोन बोटांत धरलेली.

"मला बिघाड वाटला, चाचा," डॉक्टर म्हणाले. "आठ दिवस ऐकत होतो मी हे."

चाचांनी उघड्या दाराकडे पाहिलं.

"आप्पांचा कान फार तयार होता एके काळी. मी लहान असताना संध्याकाळी…" डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. मग डाव्या पेटीकडे बघत त्यांनी विचारलं, "मग… ही जोडी ठेवू का? की घेऊन जाताय परत?"

"मला काय विचारता? आत विचारा."

"चाचा… आप्पा बोलत नाहीत हो."

दस्तगीर चाचांनी सुई अलगद रेकॉर्डवर टेकवली.

"त्यांना बोलायला कोण सांगतंय? तुम्ही विचारा."