हरवलेल्या सहा घटका

गडाचा तट बांधणारे गवंडी सूर्योदय ते सूर्यास्त राबत. पौषात काम रेंगाळलं, तसा राजा घटिकापात्र पाहून टोले देणाऱ्या गोजराबाईवर कडाडला, "ज्येष्ठात दिवस तेहतीस घटकांचा होता, आता सत्तावीसच! सहा घटका कुठं लपवल्यास? सापडेपर्यंत गवंडी अंधारातही राबतील."

गोजराबाई जागची हलली नाही. "महाराज, दिवस-रात्र मिळून घटका साठच. सूर्य दक्षिणेला कलला, की दिवसाच्या सहा घटका रात्रीला जाऊन मिळतात."

"मग रात्रीतून काढून आण!"

"गवंड्यांकडे नाहीत, ते उजाडायच्या आत तटावर असतात. उन्हं अंगावर आली तरी ज्याचं पांघरूण निघत नाही, त्याच्या गादीखाली शोधा."

त्या संध्याकाळी गवंडी वेळेवर घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्या टोल्याला तटावर राजा हजर होता.