दगडूनाथांची झोळी

“...पण ही भीती पोरीच्या मनात शिरली कुठून?” दगडूनाथांनी विचारलं.

“तेच तर कळत नाही, महाराज,” भुजंग मास्तर म्हणाले. “झोपेतून किंचाळत उठते. सहा वर्षांची झाली तरी अंथरूण ओलं करते. तुम्ही हिच्या हाताला एक दोरा बांधा, म्हणजे आम्ही सुटलो.”

भुजंग मास्तर म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. ते नुसते खाकरले तरी आख्खी शाळा चिडीचूप होई. असा माणूस दोरा मागायला भर उन्हात टेकडी चढून नाथांच्या मठीत आला होता, आणि तरीही आपलं कुठं काही चुकलं असेल अशी शंका त्याला शिवली नव्हती.

त्यांची लेक वेणू दाराशी उभी होती. नाथ नुकतेच भिक्षा मागून आले होते. त्यांची भगवी झोळी तिच्या पायाशीच पडली होती. चढणभर पोरीनं तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि मास्तरांना त्याचंही कौतुकच वाटलं होतं.

“मारतोस का तिला?”

“छे! आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही.” मास्तर जरा ताठ बसले. “आवाजही चढवावा लागत नाही मला. एका वाक्यात काम होतं.”

“कोणतं वाक्य?”

मास्तर ओशाळं हसले.

“आता तुमच्यासमोर काय सांगायचं... ‘ऐकलं नाहीस तर गोसाव्याला देऊन टाकीन. झोळीत घालून नेईल.’ सगळेच म्हणतात, महाराज. आमचे वडीलही म्हणायचे.”



दाराशी छुमकन आवाज झाला. दोघांनी वळून पाहिलं.

वेणूनं पायांतले पैंजण काढून उंबऱ्यावर ठेवले होते. झोळीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून ती आत पाय घालत होती.

“वेणू, काय करतेस?”

“पैंजण आईला द्या, अण्णा. धाकटीला होतील.” ती कमरेपर्यंत झोळीत बसली. पुढं मावेना, तशी तिनं अंग आणखी चोरलं. “मी रडत नाहीये. बघा.”



सकाळी निघताना पोर घरभर फिरली होती. गोठ्यातल्या वासराला हात लावून आली होती, धाकटीच्या पाळण्याशी घुटमळली होती. बाहेर जायची हौस, असं त्यांना वाटलं होतं. ती सगळ्यांचा निरोप घेत होती, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. टेकडी चढताना तिनं त्यांचं बोट घट्ट धरलं होतं, आणि ते मात्र तिला भराभर चाल म्हणत होते.

“बाहेर ये!” ते ओरडले. घाबरले होते बिचारे, पण तोंडातून आवाज निघाला तो शाळेतलाच.

वेणू दचकली. झोळीसकट फरफटत नाथांच्या मांडीशी जाऊन बिलगली आणि त्यांच्या छाटीत तोंड लपवून हळूच म्हणाली,

“बाबा, लवकर न्या ना मला. अण्णा रागावलेत.”



गोसाव्याचं भय घालून घालून त्यांनी ही पोर वळणावर आणली होती. आज ती त्यांनाच भिऊन गोसाव्याच्या कुशीत शिरली होती. आपण हाक मारावी आणि लेकीनं आणखी आत दडावं... असलं भय त्यांनी जन्मात अनुभवलं नव्हतं.

“अगं, ते खोटं होतं, वेणू... मी नुसतं म्हणत होतो...”

पोरीनं मान वर केली नाही. खरं कोणतं नि खोटं कोणतं, हे तिला कसं कळावं?

“महाराज, तुम्ही तरी सांगा तिला! तुमचं ऐकेल ती. घरी जा म्हणावं.”

“माझं ऐकून घरी येईल,” नाथ म्हणाले. “चालेल तुला?”

मास्तरांनी उंबऱ्यावरचे पैंजण उचलून मुठीत धरले.

नाथांनी वेणूच्या डोक्यावरून हात फिरवला, हलकेच तिला झोळीसकट भिंतीशी टेकवून बसवलं आणि कमंडलू उचलला.

“कुठं निघालात?”

“झऱ्यावर. पाणी आणतो.”

“आणि मी? मी काय करू? ओढून काढू का तिला?” मास्तरांचा आवाज चिरकला. “ती आलीच नाही तर, महाराज?”

नाथ दारात थांबले.

“बाहेर ये म्हणू नकोस, भुजंगा. आत येऊ का, विचार.”