पिवळीचं दुखणं

कोंबड्यांना माणसांचं बोलणं कळायचं, त्या काळची गोष्ट. भागीकाकूची लाडकी कोंबडी पिवळी आजारी पडली. तिने दाणा सोडला, मान टाकली. काकूने तिला चुलीजवळ टोपलीत निजवलं, चमच्याने गुळाचं पाणी पाजलं आणि डोळे पुसत गावदेवीला नवस बोलली, "माझी पिवळी उभी राहू दे. तुला अंगणातला कोंबडा देईन."

पिवळीने ते ऐकलं. कोंबडा तेव्हा उकिरड्यावर होता.

हळूहळू पिवळीच्या पायांत बळ आलं. पण काकू जवळ आली की ती मान टाकून पडून राही. काकू आणखी रडे, आणखी गूळ घाली.

एकदा कोंबडा दारात येऊन म्हणाला, "उठा आता, राणीसरकार. आम्ही उन्हात किडे उकरायचे आणि तुम्ही गूळपाणी प्यायचं. नाटक नुसतं."

"नाटकच आहे," पिवळी हळूच म्हणाली. "मी उठले की तू जाशील. काकूने देवीला तुला कबूल केलंय."

"मला?" कोंबडा हसला. "अगं, या घराची पहाट मी करतो. मला कोण कापेल?"

मग तो कुंपणावर चढला आणि देवळाकडे तोंड करून आरवला, "आई, हिला आजच्या आज उभी कर."