मोरानं लावलेली कपाटं

रानात ग्रंथालय होतं, त्या काळातली ही गोष्ट. नवा ग्रंथपाल मोर याला विषयवार लावलेली पुस्तकं विद्रूप वाटली. त्यानं ती रंगांप्रमाणे लावून घेतली. जो तो येऊन वाहवा करून गेला.

एका दुपारी साळू धापा टाकत आली. तिच्या पिल्लानं विषारी फळ खाल्लं होतं.

"मोरदादा, विषावरच्या उताऱ्यांचं पुस्तक द्या."

"रंग कोणता त्याचा?"

"रंग मला कसा ठाऊक असणार?"

ती कपाटामागून कपाट उपसत राहिली. निळ्या रांगेत पुस्तक सापडलं, तेव्हा ऊन उतरलं होतं. ते घेऊन ती बिळाकडे धावली.

पुढं पुस्तक परत द्यायला ती आली, तेव्हा तिच्यामागं पिल्लू नव्हतं. डोळे रडून सुजले होते.

"निळ्या रांगेतच ठेव हं साळूताई," मोर म्हणाला, "तिथली फट फार वाईट दिसत होती."