दुसरं ताट

कोल्हापुरातल्या बलभद्र तालमीच्या फुटबॉल संघात यायला एक अमेरिकन स्ट्रायकर तयार झाला आणि त्याला घ्यावं की नाही, यावरून अख्खी पेठ भांडायला लागली. शेवटी सगळे तालमीच्या अध्यक्षांच्या, विश्वासराव सरनोबतांच्या सोप्यात जमले. त्यांच्या पत्नी हेमलताबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा विश्वासरावांचा आवाज टिपेला पोचला होता.

"गोल तो मारेलही! पण आपण हरलो तर त्याला काय वाटणार? त्यासाठी या पेठेतच जन्माला यावं लागतं. आपण हरलो म्हणून ज्याच्या घशाखाली घास उतरला नाही, असं बाहेरून आलेलं एक माणूस दाखवा!"

हेमलताबाईंनी ट्रे खाली ठेवला.

"अहो, गेल्या फायनलला आपल्यावर गोल कुणी मारला?"

"तुझ्या भावाच्या पोरानं," विश्वासराव गुरगुरले. "पलीकडच्या पेठेनं त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं."

"माझ्या माहेरी पेढे वाटले. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत, हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. पण स्वयंपाकघरात दुसरं ताटही तसंच झाकून राहिलं होतं. ते कुणाचं?"

विश्वासरावांनी उचललेला कप तसाच खाली ठेवला. त्यांचे डोळे पाणावलेले फक्त हेमलताबाईंना दिसले.

"बोलवा त्याला," ते हळूच म्हणाले. मग बायकोकडे वळले. "पण आपल्या पेठेचा व्हायला किती वर्षं लागतील गं त्याला?"

"मला एक पुरलं," हेमलताबाई त्यांच्या हातात कप देत म्हणाल्या. "तुम्हाला कळायला मात्र तीस लागली."