मोहाच्या फुलांवर वाढलेलं शिंग

मोहाची झाडं अजून कुणाच्याच मालकीची नव्हती, तेव्हाची गोष्ट. ठिपक्या नावाच्या तरुण चितळाला पहिल्यांदाच फांद्यांची शिंगं फुटत होती आणि स्वारी भलतीच खुशीत होती.

कळपाची रीत अशी, की हाडं-शिंगं घट्ट व्हावीत म्हणून वाढत्या वयाच्या पोरांनी खारी माती चाटायची आणि गळून पडलेली जुनी शिंगं चघळायची. ठिपक्याला मात्र मोहाच्या गोड फुलांपुढे काही दिसायचं नाही.

"मावशी, ती माती दाताखाली कचकचते. आणि कुणा म्हाताऱ्याचं उष्टं शिंग मी का चघळू?"

"नको चघळूस, राजा," कळपातली म्हातारी मावशी म्हणायची. "फुलं खा, फुलासारखा हो."

शिंगं आली आणि काय डौलदार आली! पाणवठ्यावर हरिणींसमोर ऐट दाखवायला ठिपक्याने ऐनाच्या खोडाला धडक दिली. खोड जागचं हललं नाही. डावं शिंग मात्र कट्कन मोडून चिखलात पडलं. हरिणींना हसू आवरेना.

मावशीने ते शिंग उचललं, रीतीप्रमाणे थोडं चघळलं आणि खाली ठेवलं. "गोड आहे रे!"

ठिपक्या रडवेला झाला. "आता गं?"

"आता काय? शिंग पुढच्या वर्षी नवं येईल. पण वाघ आला की पळायचं पायांनी, आणि ते काही दरवर्षी नवे येत नाहीत."

ठिपक्याने आपल्या काटकुळ्या पायांकडे पाहिलं. मग कुणाचं लक्ष नाहीसं बघून तो खाऱ्या मातीकडे निघाला. हळूहळू, एकेक पाऊल जपून टाकत.